घरत सरांचा तिसरा तारा

प्राचार्यांनी विचारलं तेव्हा घरत सरांच्या तोंडात अख्खा बटाटेवडा होता, आणि तो गरम होता. अशा वेळी माणूस मान हलवतो ती वाफ बाहेर काढायला. प्राचार्यांनी तो होकार समजला आणि "मग ठरलं, निमंत्रक तुम्ही," असं म्हणून ते स्टाफरूममधून निघूनही गेले. वडा गिळून होईपर्यंत बाळाजी घरत, भूगोल विभाग, हे चौलच्या त्या कॉलेजच्या बिग बँडचे सर्वेसर्वा झाले होते.

आता बिग बँड म्हणजे काय, तर घरत सरांना तोवर एवढंच ठाऊक होतं, की तो त्यांच्या वर्गाच्या बरोबर डोक्यावर वाजतो आणि मोसमी वारे शिकवायला घेतले की हमखास वाजतो. किहीमला नारळीच्या वाडीत घर बांधून राहिलेल्या एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने हौसेने कॉलेजला वाद्यं दिली होती. ट्रंपेट, सॅक्सोफोन, मागेपुढे सरकणारे ट्रॉम्बोन, ड्रमचा संच. काही दिवस स्वतः येऊन त्यांनी पोरांना शिकवलं, आणि मग ते लेकीकडे कॅनडाला गेले ते तिकडचेच झाले. पोरांनी मात्र वाजवणं सोडलं नाही. सुपारीच्या वाडीवाल्यांची, कोळीवाड्यातली, आतल्या गावांतून एसटीने येणारी ही पोरं कॉलेज सुटलं की वरच्या खोलीत जमायची आणि कागदावर जे लिहिलंय ते सुरावर सूर, बिनचूक वाजवायची. त्यांची म्होरकी प्रांजली, तिसऱ्या वर्षाची, कॉमर्सची. सॅक्सोफोन तिच्या गळ्यात असला की प्राध्यापकसुद्धा तिच्याशी जपून बोलत.

प्राचार्यांचा त्या खोलीवर डोळा होता. जुन्या उत्तरपत्रिका ठेवायला जागा नाही म्हणून त्या स्टाफरूममध्ये छतापर्यंत रचल्या होत्या, आणि घरत सरांची खुर्ची बरोबर त्या डोंगराच्या पायथ्याशी होती. एकदा बँडचा छानसा कार्यक्रम करायचा, संस्थेच्या अध्यक्षांना बोलवायचं, मुलांच्या पाठी थोपटायच्या आणि मग वाद्यं दुसऱ्या एका शाळेला देऊन खोली मोकळी करायची, असा बेत होता. "आणि कार्यक्रम फारच रंगला तर?" असं प्रांजलीने विचारलं तेव्हा प्राचार्य म्हणाले, "तर बघू." त्या 'बघू'ला धरून पोरं तालमी करत होती. खरं सांगायचं तर सुरुवातीला घरत सर मनातून उत्तरपत्रिकांच्याच बाजूने होते.

पाहुणीही प्रांजलीनेच शोधली होती. रीबा चॉल. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकेकाळी नावाजलेल्या सोल गायिका. तरुणपणी मुंबईच्या बड्या हॉटेलांत गायल्या, मग लंडनला गेल्या, बोटींवर गायल्या, आणि आता गाणंबिणं सोडून किहीमला शांतपणे राहत होत्या. प्रांजली सॅक्सोफोन घेऊन त्यांच्या फाटकाशी गेली आणि त्या बाहेर येईपर्यंत वाजवत राहिली. "बंद कर गो बाय, येते मी," असं त्या म्हणाल्या, हे घरत सरांना फार नंतर कळलं. प्रांजलीने तो होकार धरला. त्या कॉलेजात होकार हे असेच मिळत.

घरत सरांचा स्वभाव चौकस. एखादी गोष्ट कळली नाही की त्यांना जेवण जात नाही. सोल म्हणजे काय, हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा घरी विचारला. बायको, म्हणजे केसर, म्हणाली, "बुटाचं असतं ते." मग त्यांनी कुंपणापलीकडे विचारलं. कुंपणापलीकडे दादू नाईक राहतात. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण सूचना करण्याची सवय सुटलेली नाही.

"सोल गानारी? म्हंजे आमसोल?" दादूंनी विचारलं.

"आमसोल नाही हो. इंग्रजी सोल. आत्मा."

"आत्मा गानार? मग भजन हाय म्हना की सरळ."

"भजन नाही, दादू. मागे मोठा बँड आहे."

"मोठा म्हंजे? आमच्या भागोजीच्या लग्नात बारा मानसं होती."

"त्यापेक्षा मोठा."

दादू विचारात पडले. मग त्यांनी जो सल्ला दिला त्यातून पुढचं सगळं रामायण घडलं, हे नमूद करणं भाग आहे. ते म्हणाले, "सर, ठान्यात परवानगी घ्यायला जाल तर 'कॉन्सर्ट' लिव्हू नका. त्याला धा साहेबांच्या सह्या लागतात. सरळ 'बँड' लिव्हा. बँडला कोन न्हाय म्हनत न्हाय."

घरत सरांनी 'बँड' लिहिलं. ठाण्यातल्या कारकुनाने अर्ज वाचला आणि वर न बघता विचारलं, "वरात कुठून कुठं?"

"वरात नाही. नुसता बँड आहे. एका जागी बसून वाजवणार."

"बसून?" कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. "साहेब, बँडच्या परवानगीला मार्ग लिहावा लागतो. मार्गाचा रकाना मोकळा सोडला तर कॉम्प्युटर पुढं जात नाही."

भूगोलाच्या माणसाला मार्ग लिहायला सांगणं म्हणजे तसं सोपं काम. घरत सरांनी लिहिलं, 'मैदानाच्या पश्चिम टोकाकडून पूर्व टोकाकडे'. मग कॉम्प्युटरने नवरदेवाचं नाव मागितलं. तिथे बरीच चर्चा झाली. मागे रांग लागली होती, रांगेतल्या लोकांनीही आपापलं मत दिलं, आणि शेवटी "जबाबदार इसम म्हणून तुमचंच टाकतो" असं म्हणत कारकुनाने प्रश्न मिटवला.

परवानगी संध्याकाळी शिपायामार्फत घरी आली. घरत सर अंघोळीला गेले होते. बाहेर आले तेव्हा केसर कागद हातात धरून झोपाळ्यावर बसली होती आणि झोपाळा हलत नव्हता.

"बाळाजी राघो घरत यांचे वरातीस," तिने वाचून दाखवलं, "वाद्यवृंदासह परवानगी देण्यात येत आहे. कोण हो ती?"

घरत सरांनी सगळं समजावून सांगितलं. तिला पटलंही. पण शिपाई येताना दादूंना पत्ता विचारून आला होता आणि दादूंनी कागद वाचूनच पत्ता सांगितला होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात तीन बायकांनी केसरला आपणहून वाटा वाढवून दिला आणि एकीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. यानंतर काही दिवस घरात भाजी अळणी होती.

फ्लेक्सचं प्रकरण त्याहून वाईट. फ्लेक्सवाल्याला सोल म्हणजे काय हे विचारायला लाज वाटली आणि घरत सरांना आपल्यालाही नीट कळलेलं नाही हे सांगायला लाज वाटली. परिणामी नाक्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. मधोमध रीबाबाईंचा माइक धरलेला जुना फोटो, खाली 'सुप्रसिद्ध सोल गायिका रीबा चाळ', आणि सभोवार लालभडक रतांब्यांच्या फांद्या. प्रांजलीने तो पाहिला आणि सॅक्सोफोनची पेटी उचलून ती चालू लागली. ते घरत सरांना लागलं. त्याच संध्याकाळी बचत गटाच्या ठमीबाई घरी आल्या, "कोकमाच्या जत्रेत आम्हाला सरबताचा ठेला द्या," म्हणून. नाही म्हणायला घरत सरांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी आगळाची बाटली भेट दिली. कोकमाचा अर्क घरात आल्यावर नाही कसं म्हणणार?

पहिल्या तालमीला रीबाबाई आल्या त्या रिक्षातून. बारीक चणीच्या, पांढरे केस कापलेले, अंगात फुलाफुलांचा झगा आणि पायात साध्या चपला. घरत सरांनी स्वागताचं इंग्रजी भाषण पाठ केलं होतं. ते "रिस्पेक्टेड मॅडम" म्हणाले मात्र, बाई म्हणाल्या, "आधी पाणी द्या बघू. रेवदंडा रोडच्या खड्ड्यांनी जीव घेतला."

"तुम्हाला मराठी येतं?"

"मला काय धाड भरलीय मराठी न यायला? रिबका चौलकर मी. लंडनात कुणाच्या जिभेला चौलकर जमेना. कापून कापून 'चॉल' उरलं, ते तुम्ही चाळ केलंत. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. इथंच माझ्या आजोबांचा तेलाचा घाणा होता."

पोरांनी त्यांना तयार केलेलं वाजवून दाखवलं. एकही सूर चुकला नाही. घरत सरांची मान अभिमानाने ताठ झाली, कारण आठवडाभरात ते नकळत पोरांचे झाले होते. संपल्यावर रीबाबाईंनी एकेकाच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "छान टायपिंग करता."

प्रांजलीचे कान लाल झाले. "मॅम, नोटेशनमध्ये जे आहे तेच वाजवलंय."

"तेच तर म्हणते. मॅम नको, मावशी म्हण. बोटांना सगळं येतंय तुमच्या. आता जरा कागदावरून डोळे काढा."

पोरांनी डोळे काढले आणि पहिल्या वळणावरच सगळी फौज विखुरली. सनी नावाचा ट्रॉम्बोन वाजवणारा दांडगा मुलगा, कोळीवाड्यातला, तो तर घाबरून थांबलाच. पुन्हा कागद आले. रीबाबाईंनी त्या कागदी साथीवर गाऊन पाहिलं, आणि ऐकणाऱ्यालाही कळत होतं की बाई एकीकडे चालल्यात आणि बँड एकीकडे. शेवटी त्या थकून खुर्चीत बसल्या. घरत सरांनी संधी साधून विचारलं, "बाई, एक विचारू? सोल म्हणजे नक्की काय?"

रीबाबाई हसल्या नाहीत, हे घरत सरांना आवडलं. त्यांनी विचार केला. "देवापुढे गाऱ्हाणं घालतात ना, तसं घालायचं. पण देवाला नाही, नवऱ्याला. आणि आजूबाजूच्यांनी 'व्हय' म्हणायचं."

हे घरत सरांनी घरी येऊन केसरला सांगितलं. ती म्हणाली, "मग मी रोज गाते. व्हय म्हणायलाच कोणी नसतं."

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी ठेवला होता. रीबाबाईंना तारीख कळली तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. शुक्रवारी सूर्य बुडाला की त्यांचा शब्बाथ लागतो, तो शनिवारी सूर्य बुडून आकाशात तीन तारे दिसले की सुटतो. तोवर गाणं नाही.

"तसं मी काही फार पाळणारी नाही," त्या घरत सरांना म्हणाल्या. "शुक्रवारच्या रात्री मी लंडनच्या बारमध्ये गायलेय. पण घर सोडताना आई म्हणाली होती, बाहेर काय करायचं ते कर, चौलच्या शिवेत शनिवार मोडू नको. आईचं एवढं एकच ऐकलंय मी. तेही आजवर सोपं होतं, कारण चौलात गायलेच नाही कधी."

कार्यक्रम शनिवारी, तारे दिसल्यावर करायचा असं ठरलं. घरत सर पुन्हा ठाण्यात गेले. कारकून म्हणाला, "मुहूर्त बदलला का? होतं असं. मुलीकडचे ऐकत नाहीत."

शब्बाथात प्रवास नको म्हणून रीबाबाई शुक्रवारीच घरतांकडे मुक्कामाला आल्या. केसरने पाहुणीसाठी कोळंबीचं आंबट केलं होतं. बाईंनी वास घेतला, डोळे मिटले आणि खेदाने मान हलवली, कारण खवलं नसलेली मासळी त्यांना चालत नाही. केसर रडकुंडीला आली. तेवढ्यात कुंपणावरून दादूंनी बातमी घेतली आणि कुठून कोण जाणे, एक भलाथोरला जिताडा आणून दिला. जिताड्याला खवलं असतात, रुपयाएवढी. रीबाबाईंनी ताटात काट्यांशिवाय काही ठेवलं नाही. हात धुताना म्हणाल्या, "परत आले ती ह्याच्यासाठी आले असं समजा." ती रात्र आणि दुसरा दिवस केसर आणि त्या ओटीवर बसून बोलत होत्या. कशाबद्दल, ते घरत सरांना कळलं नाही. ते जवळ गेले की दोघी हसायच्या थांबत.

शनिवारी दुपारपासून मैदानात माणूस मावेना. मैदानाच्या तिन्ही बाजूंना सुपारीच्या वाड्या, चौथ्या बाजूला स्टेज. अर्धी माणसं कोकमाच्या जत्रेला आली होती, काही घरत मास्तरांची दुसरी बायको बघायला आली होती, आणि थोडी बँड ऐकायला. ठमीबाईंच्या गटाचं सरबत हातोहात खपत होतं. बंदोबस्ताला आलेले हवालदार परवानगीचा कागद हातात धरून फिरत होते. घरत सरांना त्यांनी आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "घोडा कुठाय?"

"घोडा नाही."

"चालत?" हवालदारांच्या नजरेत आदर उमटला. "बरंय. वेळेत आटपा."

पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष येऊन बसले. प्राचार्य त्यांच्या कानाशी लागून वरच्या खोलीकडे बोट दाखवत होते. ते बोट पाहून घरत सर स्टेजकडे वळले. स्टेजवर पोरं इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून, समोर कागद मांडून, ताठ बसली होती. रील बनवत बसतील म्हणून घरत सरांनी त्यांचे मोबाइल ऑफिसात कुलपात ठेवायला लावले होते. सूर्य बुडाला. विनेश मंडपवाल्याने दिवे लावले. त्याने नवे घेतलेले फ्लडलाइट असे प्रखर, की सुपारीच्या झावळ्या मोजता याव्यात.

"आता सुरू करा," प्राचार्य म्हणाले.

"तारे दिसू देत," घरत सर म्हणाले.

रीबाबाई विंगेत खुर्चीवर बसल्या होत्या. "माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही मास्तर माणूस. तुम्ही दिसले म्हणालात की मी उठेन."

म्हणजे आली का जबाबदारी! घरत सर मैदानात मधोमध एका खुर्चीवर चढले. लोकांना कारण कळलं तसे सगळेच माना वर करून बसले. चौलच्या मैदानावर एवढी माणसं एका वेळी आकाशाकडे बघत असल्याचं दृश्य क्वचितच कुणी पाहिलं असेल.

"तो बघा! तो काय!" दादू ओरडले.

"तो शुक्र आहे."

"मग?"

"ग्रह आहे तो. तारा नाही."

"अवो सर, चमकतोय ना?"

"चमकला तरी ग्रह तो ग्रहच. नापास."

मग कुणाला गुरू दिसला. तोही घरत सरांनी बाद केला. एका मुलाने मुंबईकडे जाणारं विमान दाखवलं. लोक चिडायला लागले. "सर, चालवून घ्या!" असा आवाज मागून आला. परीक्षेत एका मार्काने अडवलेली पोरं ज्या सुरात बोलतात तो सूर घरत सरांच्या ओळखीचा होता. तेवढ्यात गुरूच्या शेजारी तांबूस रोहिणी दिसली. "एक!" ते म्हणाले, आणि मैदानाने टाळ्या वाजवल्या. मग ईशान्येला उंचावर ब्रह्महृदय. "दोन!" टाळ्या, शिट्ट्या. तिसरा मात्र काही दिसेना. पूर्वेला सुपारीची दाटी, आणि त्यावर विनेशच्या दिव्यांचा पांढरा धूर पसरल्यासारखा उजेड.

प्राचार्य खुर्चीपाशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "घरत, अध्यक्षांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायचंय. एक तारा खोटा सांगितलात तर काय बिघडतंय? बाईंना दिसत नाही."

घरत सरांनी विंगेकडे पाहिलं. रीबाबाई हात मांडीवर ठेवून शांत बसल्या होत्या, त्यांच्या शब्दाची वाट बघत. स्टेजवरून प्रांजली त्यांच्याकडेच बघत होती. उशीर झाला आणि अध्यक्ष उठून गेले तर खोली गेली. आणि खोटं बोलावं, तर ज्या बाईने आईला दिलेला एकुलता एक शब्द इतकी वर्षं पाळला तो तिच्याकडून मोडवणारे आपण. खुर्ची डुगडुगायला लागली. आणि मग त्यांना एकदम सुचलं, म्हणजे इतकं सोपं की आधी का सुचलं नाही याची लाज वाटावी.

"विनेश!" ते ओरडले. "दिवे बंद कर!"

"कुठले, सर?"

"सगळे!"

विनेशने मेन स्विचचा दांडा खाली ओढला. मैदान गडप झालं. क्षणभर कुणाला काहीच दिसेना, आणि मग झाडांच्या शेंड्यांमधून तिसराच काय, आभाळभर तारे बाहेर आले. लोकांच्या तोंडून नुसताच श्वास निघाला. घरत सरांनी मृगातल्या काक्षीच्या ताऱ्याकडे बोट केलं, पण ते बोट कुणालाच दिसत नव्हतं. "तीन!" ते म्हणाले, "बाई, तीन!"

"दिसले," अंधारातून रीबाबाईंचा आवाज आला. "मलापण दिसतायत की."

"विनेश, लाव आता दिवे," प्राचार्य म्हणाले.

थोडा वेळ खुडबुड ऐकू आली. मग विनेश म्हणाला, "सर, दांडा हातात आला."

इथून पुढे खरं संकट. माइक गेला, कीबोर्ड मेला, आणि पोरांपुढचे कागद काळे झाले. लोकांनी मोबाइलचे उजेड स्टेजवर मारायला सुरुवात केली. तेवढ्यात चपला फटफटवत रीबाबाई स्टेजवर आल्या आणि खेकसल्या, "डोळ्यांवर मारू नका ते! बंद करा!" सगळे मोबाइल विझले.

"मावशी, नोटेशन दिसत नाही," प्रांजली म्हणाली.

"मलाही नाही दिसत," रीबाबाई म्हणाल्या. "मी विचारीन. तुम्ही उत्तर द्या. बस."

त्यांनी पायाने ठेका धरला. मग गळ्याच्या अगदी खालून एक सूर काढला. एवढ्याशा कुडीत तो कुठे मावला होता कोण जाणे. माइक नसून तो वाड्यांपर्यंत गेला. गाणं इंग्रजी होतं, त्यांनी स्वतःच कधीतरी रचलेलं. धक्क्यावर उभी असलेली बाई, रोज बोट येते, बोटीतून सगळे उतरतात, तो उतरत नाही. ओळ संपली. बँडकडून काही नाही. दुसरी ओळ. काही नाही. तिसऱ्या ओळीनंतर अंधारातून एक लांब, खर्जातला, फाटका आवाज आला, हुबेहूब बोटीच्या भोंग्यासारखा. सनीचा ट्रॉम्बोन. बाप मच्छीमार बोटीवर, भोंगा त्याला कोण शिकवणार?

लोक खो खो हसले. पण रीबाबाई गाणं सोडून थेट त्या भोंग्याकडे वळल्या, आणि त्याच सुरात, मराठीत गायल्या, "आता आलास? कुठं रे होतास इतके दिवस?"

सनीने पुन्हा भोंगा दिला, या वेळी जरा खजील.

"भाताचं पाणी आटलं, डोळ्यांचं पाणी आटलं... खरं की नाही गो बायांनो?"

"व्हय!" असा पहिला आवाज ठमीबाईंच्या ठेल्याकडून आला. दुसरा केसरचा होता, आणि तो बराच मोठा होता. मग प्रांजलीचा सॅक्सोफोन मध्ये पडला, रागावलेल्या बहिणीसारखा. ट्रंपेटवाली पोरं शेजाऱ्यांसारखी सगळी एकदम बोलू लागली. ड्रमवाल्याला आपलं काम सापडलं. कुणी चुकत होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, आणि कुणाला पर्वाही नव्हती. बाई विचारत होत्या, बँड उत्तर देत होता, मैदान 'व्हय' म्हणत होतं. घरत सर त्याच खुर्चीवर उभे होते. उतरायचं त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सोल म्हणजे काय हे त्यांना कळलं की नाही, सांगता येत नाही. आपण विचारायचं थांबलोय एवढं मात्र त्यांना कळलं. पुढच्या 'व्हय'ला त्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि छातीत होता नव्हता तेवढा आवाज बाहेर काढला.

नेमका त्याच वेळी विनेशने दांडा बसवला.

सगळे फ्लडलाइट एकदम पेटले. स्पीकर कर्कश किंचाळला. बँड दचकून थांबला. आणि अवघ्या मैदानाला दिसलं की बाळाजी घरत, भूगोल विभाग, खुर्चीवर उभे राहून, हात आभाळाकडे करून, सदरा पँटच्या बाहेर आलेला अशा अवस्थेत "व्हय!" असं एकटेच ओरडत आहेत. प्राचार्य बघत होते. अध्यक्ष मान वळवून बघत होते. त्यांच्या वर्गातली मुलं, मुलांचे पालक, मासळीबाजारातल्या त्या बायका, सगळे बघत होते. हवालदारांनी टोपी काढून काखेत धरली होती, ती त्यांनी घाईने डोक्यावर ठेवली.

पुढे खोली बँडकडेच राहिली आणि उत्तरपत्रिकांचा डोंगर आजही घरत सरांच्या खुर्चीमागे आहे, पण ते नंतर ठरलं. त्या क्षणी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. घरत सर सदरा खोचायला लागले. मग त्यांनी स्टेजकडे पाहिलं. पोरं प्रकाशात डोळे मिचकावत होती, आणि एकेकाचा हात आपोआप समोरच्या कागदाकडे जात होता. रीबाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गाणं अर्ध्यावर लोंबकळत होतं.

घरत सरांनी सदरा तसाच सोडला.

"विनेश," ते म्हणाले, "बंद कर रे दिवे."

"सर, दांडा परत निघेल!"

"निघू दे!" हे घरत सर म्हणाले नाहीत. ते पहिल्या रांगेतून अध्यक्ष म्हणाले.

आणि दांडा निघाला.